सोनपाखरू एवढं चमकतं, मग झाडावर दिसत का नाही?

हां, तर हे बघा. थांबा, कॅमेऱ्याजवळ आणतो. हा सोनपाखराचा, म्हणजे त्या हिरव्या चमकदार भुंग्याचा, वरचा कडक पंख, पाखरू केव्हाच मेलंय, मला बांधावर बाभळीखाली पडलेलं सापडलेलं, चार पावसाळे ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि रंग जसाच्या तसा. आता तिरका करतो... हिरवा होता ना? निळसर झाला.

तर गंमत अशी की यात हिरवा रंग असा नाहीच! पाण्यावर पेट्रोलचा तवंग कसा रंगीत दिसतो, तसंच, कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात आणि उजेड त्यांच्यावरनं परततो तेव्हा आपल्याला हिरवं दिसतं, म्हणून हा रंग फिका पडतपण नाही. १९०३च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनने, मोरपिसांच्या नक्षीचा गाऊन घातलेला, त्यातल्या पिसांचे डोळे म्हणजे असेच भुंग्यांचे पंख टाचलेले, ते अजून चमकतात.

गावाकडं वाढलेल्यांना तर सांगायलाच नको. पाऊस सुरू झाला की काडेपेटी, त्यात बाभळीचा पाला, पाखराला दोरा. कुणाच्या पेटीत अंडी दिसली की त्याचा वर्गात काय भाव! पण पिल्लू कुणाचंच निघालं नाही, निघणार कसं, मादी अंडी मातीत घालते, अळी जमिनीखाली मुळं खात वाढते, आणि आपण बघतो ते पाखरू म्हणजे शेवटचे काही आठवडे फक्त.

आता मेन मुद्दा. एवढं चमकून पक्ष्यांना आयतं सापडत नाही का? २०२०मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी हेच तपासलं, आपल्या सोनपाखराच्याच कुळातलं, स्टर्नोसेरा ईक्विसिग्नाटा नावाचं पाखरू, त्याच्या पंखाखाली खायची अळी ठेवून ते पानांवर टाचले, शेजारी साध्या एकरंगी रंगवलेल्या पंखांचेपण ठेवले. तर पक्ष्यांनी चमकणारे कमी उचलले. माणसांना शोधायला लावलं, त्यांनापण ते कमीच सापडले, आणि पान तुकतुकीत असेल तर अजूनच कमी. म्हणजे चमक दाखवायला नाही, लपायला!

मला हे लगेच पटलं, कारण आम्ही काट्यांत मान घालून तासतास शोधायचो आणि हाताशी असलेलं दिसायचं नाही. आमच्यातला एक मात्र शोधत बसायचाच नाही. सरळ फांदी हलवायचा, की पाखरू पाय आवळून टपकन खाली, मेल्याचं सोंग घेऊन.