कोटीपोटातली वस्ती

(दृश्य: करवीर तालुक्यातलं एक गाव. पहाट. दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग.)

कोल्हापुरात दुधाचं बोलणं फॅटपासून सुरू होतं. किती लिटर घातलं हे मागाहून, आधी विचारतात, "फॅट किती लागली?" म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5, या पायावर दर धरला जातो आणि तिथून पुढं प्रत्येक पॉइंटला पैसे. फॅट खाली आली की घरी गेल्या गेल्या पेंड बदलायची चर्चा सुरू होते. पण गव्हाणीत टाकलेली वैरण आणि पेंड म्हशीच्या अंगी लागण्याआधी दुसरंच कुणीतरी खातं. दुधातली फॅट, पाठीवरची चरबी आणि मांडीचं मांस, तिन्हींचा हिशेब तिथं ठरतो.

(दृश्य: रवंथ करणारी म्हैस. कॅमेरा मानेजवळ.)

या म्हशीच्या गळ्याकडे बघा. खालून एक गोळा वर सरकतो, तोंडात येतो, 50-60 वेळा चघळला जातो आणि परत खाली जातो. थोडं थांबलं की दुसरा. आता डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून ठेवा. मिनिटभरात आतून एक लाट येते आणि मूठ वर उचलते. हे कोटीपोट, जनावराच्या चार पोटांतलं पहिलं. मोठ्या जनावरात ते 100 लिटरच्याही पुढं भरतं, आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये 1000 कोटींहून जास्त जिवाणू असतात. शिवाय आदिजीव आणि बुरशी वेगळ्या.

आपल्या जिल्ह्यात परसात गोबरगॅस असलेली घरं पुष्कळ. त्या टाकीत हवेशिवाय जे काम चालतं, तेच इथं चालतं. गॅस ढेकरावाटे निघून जातो आणि जनावराच्या उपयोगाची आम्लं आत राहतात. ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. जनावराला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेतला सुमारे 70 टक्के वाटा या आम्लांचा. कडब्यातला चोथा पचवणारं कोणतंही पाचकद्रव्य म्हशीकडं स्वतःचं नाही. ते या जिवाणूंकडं आहे.

चोथा जास्त असेल तर ॲसेटिक आम्ल जास्त बनतं. त्यातून कासेत दुधाची फॅट तयार होते आणि अंगावरची चरबीही मुख्यतः त्यातूनच. मक्याचा भरडा, गोळी पेंड वाढवली की प्रोपिऑनिकचा वाटा वाढतो. ते यकृतात जाऊन साखर बनतं. दूध वाढतं, जनावर अंगानं भरतं. म्हणून खुराक वाढवल्यावर लिटर वाढले आणि फॅट मात्र पडली, असं होतं. अशा वेळी दुधात पाणी घातल्याचा संशय घेणं हा त्या बाईवर अन्याय आहे, जी पहाटे चारला उठून धार काढते.

खुराकाचा मारा झाला की आणखी एक गोष्ट घडते. एरवी कोटीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 च्या दरम्यान असतो. रवंथ करताना मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाला 100 लिटरहून जास्त लाळ सुटते, ती आम्लाला मारत राहते. भरडा जास्त आणि कडबा कमी झाला की रवंथ घटतं, लाळ घटते, आम्ल साचतं. चोथा पचवणारे जिवाणू मागं पडतात. पेंडीतल्या तेलावर प्रक्रिया करणारे जिवाणू वाट बदलतात आणि एक वेगळंच स्निग्धाम्ल तयार करतात, जे कासेतली फॅट बनवण्याची यंत्रणाच मंदावतं. 2000 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं ते गाईंच्या चौथ्या पोटात थेट सोडून पाहिलं. दिवसाला अवघे 10 ग्रॅम. दुधाची फॅट 40 टक्क्यांहून जास्त घटली.

(दृश्य: उसाच्या गाडीला जुंपलेली खिलार जोडी. मागचे पाय.)

आता मांसाचं. या बैलाच्या मांडीवरचं मांस कशातून आलं? बरंचसं खुद्द जिवाणूंतून. कोटीपोटात वाढलेले जिवाणू चाऱ्याबरोबर पुढं सरकतात आणि चौथ्या पोटापासून पुढं पचून जातात. आतड्यात शोषल्या जाणाऱ्या प्रथिनांतला निम्म्याहून जास्त भाग बहुतेक वेळा या जिवाणूंच्या शरीराचाच असतो. नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या बैलाचं पोट भरलेलं असतं, तरी बरगड्या दिसतात, कारण कडब्यात नायट्रोजन फार कमी. जिवाणूच उपाशी, तर बैलाला कुठून मिळणार? फिनलंडचे नोबेल विजेते आर्तुरी विर्तानेन यांनी 1960 च्या दशकात गाईंना प्रथिनांऐवजी, नायट्रोजनसाठी जवळजवळ फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन दूध घेतलं. ते प्रयोगशाळेतलं काटेकोर काम होतं. गोठ्यात अंदाजानं युरिया टाकला तर जनावर तासाभरात दगावू शकतं, हे इथं स्पष्ट सांगायलाच हवं.

मग चांगल्या जनावराचे जिवाणू दुसऱ्याच्या पोटात सोडले तर? अमेरिकेत पॉल वायमर यांच्या गटानं दोन गाईंच्या कोटीपोटातला जवळजवळ सगळा ऐवज अदलाबदल करून पाहिला, 2010 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांतच प्रत्येक गाईची वस्ती आपल्या मूळ वळणावर परतू लागली. याउलट ऑस्ट्रेलियात रेमंड जोन्स यांना यश आलं. सुबाभळीच्या पाल्यातल्या विषानं तिथली जनावरं खंगत होती, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं. त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि ते टिकले. त्यातल्या एका जिवाणूला 1992 मध्ये जोन्स यांचंच नाव मिळालं. तो टिकला, कारण त्याचं खाणं रोज गव्हाणीत येत होतं. जिवाणूंच्या पुड्या विकत घेण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: तोड सुरू असलेला उसाचा फड. वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधणाऱ्या बायका.)

हंगाम लागला की आपल्याकडं ही गोष्ट रोजच्या कामाची होते. कालपर्यंत मका आणि कडबा, आज अचानक गव्हाणभर वाडं. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते पचवणारे जिवाणू कोटीपोटात असतात, पण वाढायला त्यांना वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवसांत वाडं कुट्टी करून थोडं, सोबत कडबा आणि जुनी वैरण; मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. पेंडही एकदम बदलायची नाही, आणि भरडा एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून द्यायचा. खनिज मिश्रण मात्र पहिल्या दिवसापासून हवं. जिवाणू वाढेपर्यंत ऑक्झलेट कॅल्शिअमला बांधून ठेवतं, आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीला नेमकी तीच कमतरता भोवते.