रायफल घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि रेंजवरच्या आम्हा जुन्या मंडळींकडे पालकांची रीघ लागली. तशी कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. पण ऑलिंपिकची गोष्टच वेगळी. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रायफल कोणती घेऊ?’ मी म्हणतो, सध्या काहीच घेऊ नका. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात.

पोराला आधी क्लबच्या एअर रायफलवर, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा सोडणाऱ्या रायफलवर, काही महिने घालवू द्या. आपल्यापैकी बहुतेकांची बंदुकीशी पहिली ओळख जत्रेत फुगे फोडताना होते. एक डोळा गच्च मिटायचा, श्वास कोंडायचा आणि खटकन चाप ओढायचा. रेंजवर आलं की हे सगळं विसरावं लागतं. एक डोळा मिटला की दुसऱ्यावर ताण येतो, म्हणून आम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे एक पांढरी पट्टी लावतो. श्वास थोडा सोडून सहज थांबवायचा. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल खाली घ्यायची. हे खाली घेणंच मुलांना जमत नाही. ‘आता धरलीच आहे तर मारून टाकू’ म्हणून मारलेली गोळी हमखास बाहेर जाते.

दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट, म्हणजे तिचा छर्राच मुळी साडेचार मिलिमीटरचा! आणि पेलेट नळीतून बाहेर पडायलाही क्षणाचा काही अंश लागतो. तेवढ्यात खांदा सैल पडला किंवा निकाल बघायला मान उचलली, की नेम बिघडला. म्हणून चाप दाबल्यावरही एक-दोन सेकंद तसंच स्थिर राहायचं. प्रशिक्षक दिवसभर याच एका गोष्टीसाठी ओरडत असतात. याचा सराव पेलेट न घालताही होतो, त्याला आम्ही ‘ड्राय’ म्हणतो. स्पर्धेच्या रायफलींत त्याची वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर मात्र हे करू नका, पिस्टन आपटून खराब होतो.

पिस्तुलाची तऱ्हा निराळी. ते एका हातानं, हात लांब करून धरायचं. नव्या माणसाची नजर टार्गेटकडे धावते. खरं तर टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं, पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मात्र लख्ख दिसायला हवी. तिच्या जोडीची मागची साइट म्हणजे डोळ्याकडची खाच. हिशोब सोपा आहे. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी तीन सेंटिमीटर बाजूला जाते, आणि दहाचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटरचं. उलट हात एक मिलिमीटर हलला, पण साइट जुळलेल्या राहिल्या, तर गोळीही जेमतेम तेवढीच हलते. म्हणून हात थरथरतोय या भीतीनं घाईत चाप ओढू नये. हात सगळ्यांचाच थरथरतो. पिस्तुलाची लाकडी मूठही हाताला नेमकी बसावी लागते. नेमबाज तिच्यावर लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि पॉलिश पेपरनं घासून तिला आकार देतात. सुतारकाम म्हणा ना!

पिस्तुलाला जाड जाकीट-पँट लागत नाही, त्यामुळे खर्च कमी. रायफलवाल्याला कडक कॅनव्हासचं जाकीट लागतं आणि ते अंगाबरोबर बसवून घ्यावं लागतं. वाढत्या वयाच्या मुलाला ते वर्ष-दीड वर्षात आखूड होतं. म्हणून वापरलेलं जाकीट घ्यायला लाजू नका.

आता स्वतःची रायफल घेतलीत असं धरू. आपल्याकडचा पावसाळा तिचा खरा शत्रू. पेटीतला फोम दमट हवा धरून ठेवतो, म्हणून भिजत घरी आलात की पेटी उघडी ठेवून सगळं कोरडं करा. घामट बोटांचे ठसे नळीवर राहिले, तर तिथेच गंज धरतो. दाबलेल्या हवेचा सिलिंडर हळूहळू भरा. त्यावर मुदत लिहिलेली असते, ती उलटली की तो स्पर्धेत चालत नाही, आणि वापरूही नये. ट्रिगरचा स्क्रू स्वतः फिरवायचा मोह आवरा.

कायद्याचंही बोलतो. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. याचा अर्थ ती अंगणातल्या पाखरांवर चालवावी असा नाही, वन्यजीव कायदा आडवा येतो. पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ काडतुसाच्या रायफलीची, गोष्ट वेगळी. तिथे परवाना हवा, काडतुसांची नोंद हवी, आणि निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीसही येऊ शकते. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लग्नात नाचा की खुशाल, बंदूक कशाला?

घरी रायफल कुलपात ठेवा, पेलेट वेगळ्या कपाटात. रेंजवर नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. घरीही ती तशीच राहू द्या. आणि पेलेट शिशाचे असतात. पोरं ते हाताळतात आणि त्याच हातानं रेंजबाहेर वडापाव खातात. त्यांना आधी साबणानं हात धुवायला लावा.

नमस्कार.