'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा झाला?

मंडळी, 'गो, वेंट, गॉन' हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. 'गो' आणि 'गॉन' एका घरातले, हे ऐकूनच कळतं. 'वेंट' मात्र त्या घरातलं वाटत नाही, आणि ते नाहीच.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'जाणे' या अर्थी 'गान' हे क्रियापद होतं. त्याचा भूतकाळ 'एओडे'. म्हणजे तेव्हाही दोघांचा मेळ नव्हता! शेजारी 'वेंडन' हे वेगळं क्रियापद नांदत होतं. अर्थ वळणे, वळवणे. पुढे वाट धरणे. 'सेंड'चं 'सेंट', 'बेंड'चं 'बेंट', तसं त्याचं 'वेंट'. १५००च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बोलीत 'एओडे' मागे पडलं आणि त्याच्या जागी 'वेंट' रुळलं. 'वेंड'ला मग 'वेंडेड' असा नवा भूतकाळ मिळाला, आणि आज ते 'वेंड वन्स वे' या वाक्प्रचारापलीकडे फारसं भेटत नाही. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र 'गे'चं, म्हणजे तिकडच्या 'गो'चं, सरळ 'गेड' होतं.

आता आपल्याकडे या. 'मी जातो', 'मी जाईन', पण 'मी गेलो'. 'ज'चा 'ग' कसा झाला? झालाच नाही. 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून: 'याति', प्राकृतात 'जाइ'. 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. दोन धातूंचं मिळून एक क्रियापद, अगदी इंग्रजीसारखं. आणि 'गो' हा 'गम्'चा भाऊबंद असेल असं वाटतं ना? नाही. 'गम्'चं नातं आहे 'कम'शी, म्हणजे येण्याशी! मला स्वतःला हे फार आवडतं.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना 'इंग्रजीला नियमच नाहीत, पाठ करा' असं सांगू नका. जे क्रियापद दिवसातून शंभरदा तोंडी येतं, त्याची वाकडी रूपंही टिकतात, कारण ती विसरायला सवडच मिळत नाही. इंग्रज मुलं लहानपणी 'गोड' म्हणतात, 'गो'ला 'एड' जोडून. ती नियमच लावत असतात. ऐकून ऐकून 'वेंट'वर येतात.

वापरात आपली माणसं अडखळतात ती 'गॉन'पाशी. 'ही हॅज गॉन टू नाशिक' म्हणजे तो नाशिकला गेलाय, अजून परतलेला नाही. जाऊन आला असेल तर 'ही हॅज बीन टू नाशिक'. मराठीत आपण 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' यांत कधी गल्लत करत नाही. तोच फरक इथे आहे. फक्त 'जाऊन आलाय'साठी इंग्रजीने 'बी' हे तिसरंच क्रियापद कामाला लावलंय. आणि ते तरी कुठे एकसंध आहे? 'अ‍ॅम', 'वॉज' आणि 'बी' हे तीन निरनिराळ्या धातूंचे तुकडे आहेत.