मंदीत निर्यातदाराला काय द्यावं?

मंदी आली की निर्यातदारांचं शिष्टमंडळ सवलतींची यादी घेऊन मंत्र्यांकडे जातं. त्यात गैर काही नाही. पण सरकारच्या हातात काय नसतं, ते आधी बोलू. परदेशातल्या गिऱ्हाइकाने खरेदीच थांबवली असेल, तर आपल्या तिजोरीतून कितीही पैसा ओता, त्याची ऑर्डर येत नाही. मंदीत सरकारने निर्यातदाराला तगून राहायला वेळ द्यावा आणि बँकांना भरवसा द्यावा. बाकीचं बरंचसं वरवरचं असतं, असं माझं मत आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, त्यानंतरचे महिने आठवा. २००९ साली जगाचा व्यापार आकारमानाने सुमारे १२ टक्क्यांनी घसरला. मागणी आटली हे मुख्य कारण. पण बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला, हेही त्यात होतं. परदेशी व्यापार बराचसा एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर चालतो. कागदपत्रं चोख असतील तर पैसे देऊ, अशी हमी खरेदीदाराची बँक देते. ती बँकच टिकेल का, अशी शंका आली की इकडची बँक त्या एलसीवर पैसे सोडायला का-कू करते. माल बांधून तयार, घेणाराही तयार, आणि व्यवहार अडलेला! एप्रिल २००९ मध्ये लंडनच्या जी-२० बैठकीत व्यापारासाठीच्या कर्जपुरवठ्याला २५० अब्ज डॉलरांचं पाठबळ जाहीर झालं, ते या दुखण्यावर.

भारताने तेव्हा काय केलं? नोव्हेंबर २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सवलतीच्या पॅकिंग क्रेडिटची, म्हणजे माल रवाना होण्याआधीच्या कर्जाची, मुदत १८० दिवसांवरून २७० दिवसांवर नेली. डिसेंबरात सरकारने कापड, चामडं, रत्नं-दागिने, सागरी उत्पादनं अशा माणसांच्या हातांवर चालणाऱ्या धंद्यांना व्याजात २ टक्के सूट दिली. वाहवा झाली ती या व्याज-सवलतीची. जरा हिशोब करा. १ कोटीच्या कर्जावर सहा महिन्यांत ही सूट होते १ लाख रुपये. ऑर्डर रद्द झालेल्या माणसाला त्या लाखाने काय होणार? वाढीव ९० दिवस मात्र त्याला खरोखर उपयोगी पडतात. तेवढ्यात तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो, माल मातीमोल भावाने फुंकावा लागत नाही, आणि बँकेच्या वहीत त्याचं खातं थकीत दिसत नाही.

पतविम्याचंही, म्हणजे परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या विम्याचंही तसंच. ब्रिटनने १९१९ मध्ये, युद्धानंतरच्या पडझडीत, सरकारी निर्यात-पतहमी सुरू केली. आपल्याकडे हे काम १९५७ पासून चालू आहे. आज ते ईसीजीसी ही सरकारी कंपनी करते. धोका वाढला की खासगी विमेवाले हात आखडतात, आणि नेमकी तेव्हाच हमीची गरज असते. डिसेंबर २००८ च्या पॅकेजात ईसीजीसीच्या मागे ३५० कोटींची सरकारी हमी उभी केली, ती अवघड बाजारपेठांत जाणाऱ्या मालासाठी. त्याच पॅकेजात निर्यातदारांचे अबकारी शुल्क आणि केंद्रीय विक्रीकराचे परतावे पूर्ण देण्यासाठी ११०० कोटी ठेवले होते. ज्याचे पैसे त्याला परत करणं याला मदत म्हणायचं, हे सरकारच करू जाणे! तरीही रोकड तुटलेली असताना हेच सगळ्यात कामाला येतं.

रुपया घसरला की निर्यातदाराचं भलं होतं, असं आपण सर्रास ऐकतो. २००८ च्या सुरुवातीला ४० च्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीस ५० जवळ गेला. पण अनेकांनी आधीच्या दराने डॉलर विकायचे वायदे करून ठेवलेले होते. हिऱ्यांसारख्या धंद्यात कच्चा मालच डॉलरने घ्यावा लागतो. वर परदेशी खरेदीदार भाव कमी करून मागतो, तो वेगळाच.

थेट अनुदानाला जागतिक व्यापार संघटनेची आडकाठी आहे. अमेरिकेच्या तक्रारीवर २०१९ मध्ये संघटनेच्या पॅनेलचा निकाल आपल्या विरोधात गेला. नंतर निर्यातीच्या किमतीवर बक्षिसी देणारी एमईआयएस योजना बंद झाली आणि जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप योजना आली. मालात मुरलेले कर परत करणं एवढाच तिचा हेतू.

राहिला प्रश्न सवलत मागे घेण्याचा. ती २ टक्क्यांची सूट ३१ मार्च २००९ पर्यंतच होती. ती आधी सप्टेंबरपर्यंत वाढवली, मग मार्च २०१० पर्यंत, आणि त्यानंतरही पुढे. निर्यात सावरली, पण सूट काढा म्हणायला कुठलंही शिष्टमंडळ मंत्र्यांकडे गेलं नाही.