लूत बरी झाल्यानंतर

पुण्याच्या वेशीवर, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या एका निवारा केंद्रात ही कुत्री पावसाळ्याच्या अखेरीस आणली गेली, तेव्हा तिच्या अंगावर केस जवळजवळ उरलेच नव्हते. कातडी जाड होऊन भेगाळली होती आणि कानांच्या कडांवर खपल्या धरल्या होत्या. तिला लूत लागली होती. कातडीत बिळे करून राहणारी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी कीड या रोगाच्या मुळाशी असते. पशुवैद्य कातडी हलकेच खरवडून तिचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि औषध ठरवतात. रोग दिसायला भयंकर असला, तरी बरा होतो. काही आठवड्यांतच तिच्या पाठीवर तपकिरी लव दिसू लागली.

तिची भीती मात्र औषधाने जाणारी नव्हती. ताटली ठेवणारा माणूस पाठ फिरवून दूर जाईपर्यंत ती अन्नाला तोंड लावत नसे. म्हणून देखभाल करणाऱ्या मावशी रोज दुपारी तिच्या पिंजऱ्यात, तिच्याकडे मुळीच न पाहता, मेथी निवडत बसू लागल्या. पंधरवड्यानंतर एकदा तिने मागून येऊन त्यांचा पदर हुंगला. मावशींनी मान वळवली नाही.

उपचार झालेले प्रत्येक कुत्रे दत्तक जात नाही. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि रेबीजचे लसीकरण झालेले कुत्रे सर्वसाधारणपणे जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. कानाला पाडलेली खाच ही त्याची खूण. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशाने रेबीजबाधित आणि आक्रमक कुत्र्यांना यातून वगळले, तसेच दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली.

येथे येणारी कुटुंबे बहुधा पिल्लूच मागतात, त्यातही नर. वास्तविक मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आपल्यासमोर उघड असतो, तर पिल्लाच्या बाबतीत सगळा अंदाजच. पण हे पटवून देता देता कार्यकर्त्यांचा घसा कोरडा पडतो.

या कुत्रीला अखेर तिसऱ्या मजल्यावरचे एक घर मिळाले. त्याआधी तिला गळ्यातल्या पट्ट्याची, गुळगुळीत फरशीची आणि मिक्सरच्या आवाजाची सवय लावण्यात आली. तरीही पहिल्या रात्री तिने घरात लघवी केली नाही. घरच्यांना तो शहाणपणा वाटला, पण तिला केवळ मातीच ठाऊक होती आणि घरात माती नव्हती. पहाटे तिला खाली नेताना लिफ्टचे दार उघडताच ती चारही पाय रोवून उभी राहिली. मग घरातले आजोबा, एका हाताने कठडा धरून, तिच्यासोबत तीन मजले जिन्याने उतरले.