आखाजीची बैठक आणि विहिरीच्या पाळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं, नवं ठरतं, आणि लेकी माहेरी येतात. वाटणीचा विषय काढायला ही वेळ चांगली, कारण सगळे हिस्सेदार घरात असतात. लेकीसुद्धा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. बहीण आपल्या खुशीनं हिस्सा सोडत असेल, तरी हक्कसोड पत्र नोंदणी करूनच करावं, आणि तेही सण आटोपल्यावर, तिला विचाराला सवड देऊन. रसपोळीच्या पंगतीत घेतलेली सही पुढे तिलाही बोचते आणि भावांनाही.

जमीन मोजून वाटता येते. काळी कुणाला, मुरमाड कुणाला, हेही चार माणसं बसवून मिटतं. भाऊ खरे भांडतात ते विहिरीवर.

समजा, तीन भाऊ, एक विहीर, पाच अश्वशक्तीची एक मोटार. वाटणीपत्रात लिहितात, ‘विहीर सामाईक’. एवढ्यानं भागत नाही. मग वार वाटून घेतात. पण शेतीची थ्री फेज लाइट काही वारी दिवसा असते, काही वारी रात्री. एका भावाच्या वाट्याला महिनाभर रात्रच येते. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत तो एकटा पाणी भरतो, आणि बोलला नाही तरी मनात धरून ठेवतो. म्हणून पाळी वारावर नको, मोटार चाललेल्या तासांवर धरा. स्टार्टरच्या पेटीत एक वही ठेवा: तारीख, नाव, मोटार कधी सुरू, कधी बंद. मधेच लाइट गेली तर उरलेले तास त्याच भावाचे. अशानं दिवस-रात्रही आपोआप फिरतात.

मार्च सरला की हा हिशोबही बदलावा लागतो. विहीर दोन-तीन तासांत तळ दाखवते. पहिल्याला रात्रभर साठलेलं पाणी मिळतं, दुसऱ्याला नुसतं झऱ्याचं. तास सारखे, पाणी कमी-जास्त. अशा वेळी तास सोडून उपसा मोजा. विहीर भरली की एक उपसा एकाचा, पुन्हा भरली की पुढचा दुसऱ्याचा. रावेर-यावलकडे एका भावाची केळी असते, दुसऱ्याची कपाशी. एप्रिलच्या उन्हात केळीला पाणी हवंच, कपाशीवाल्याचं वावर तेव्हा रिकामं. त्यानं आपली पाळी भावाला दिली तर तीही वहीत लिहावी. तोंडी राहिलेली मदत देणाऱ्याला मोठी आठवते, घेणाऱ्याला लहान.

‘तुझ्या पाळीत मोटार जळाली’ या एका वाक्यावरून बोलणी बंद झालेली घरं गावोगाव आहेत. मोटार बहुतेक वेळा एका दिवसात जळत नाही. कमी दाबाची लाइट, सारखी चालू-बंद, यानं वाइंडिंग हळूहळू कमजोर होत आलेलं असतं. म्हणून मोटार भरायचा, म्हणजे नवं वाइंडिंग करायचा, खर्च तिघांत, हे आधीच लिहून ठेवा. विहीर आटल्यावर कोरडी चालवली, तर मात्र खर्च ज्याचा त्याचा. वावरात जायची वाट ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढी रुंद लिहा, आणि बांधावरचा आंबा कुणाचा तेही.

सगळी जमीन मुलांच्या नावे करून आई-वडिलांनी पाळीपाळीनं जेवत फिरावं, हे मला अजिबात पटत नाही. थोडं क्षेत्र त्यांच्या नावे राहू द्या. द्यायचीच असेल, तर सांभाळाची अट कागदात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर दाद मिळणं फार अवघड.

तोंडी वाटणीनं सातबारा वेगळा होत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या हिस्सेदारांनी संमतीनं तहसीलदारांकडे अर्ज करावा. पुढे फेरफाराची नोटीस येते, हरकतीला पंधरा दिवस असतात. तेवढ्यात नोंद नीट वाचा, आणि नवा सातबारा हाती आल्यावर इतर हक्काच्या रकान्यात विहिरीतला आपला हिस्सा लागलाय का, ते बघूनच घरी जा.

नमस्कार.