दहाची खडी की वीसची?

(दृश्य : लातूरबाहेरचं खडी क्रशर, पट्ट्यावरून पडणारी खडी)

मराठवाड्याचा हा काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचले, त्यांचा बेसाल्ट. घराचा कॉलम असो की गल्लीतला सिमेंट रस्ता, खडी याचीच. त्या रस्त्यावरचा पाऊस मात्र सरळ नालीत जातो. आणि हे कुठं, तर २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं!

(दृश्य : प्रयोगशाळा, ओल्या मिश्रणाची मूठ)

हे पाझर काँक्रीट. इंजिनिअर त्याला पर्व्हिअस म्हणतात. वाळू जवळपास नाहीच. चुरमुऱ्याचा लाडू जसा पाकानं धरलेला असतो, तसे खडीचे दाणे सिमेंटच्या पातळ लेपानं टेकतील तिथंच चिकटतात. मधली साधारण १५ ते २५ टक्के जागा मोकळी राहते, तिच्यातून पाणी खाली झिरपतं.

(दृश्य : चाळण्या, दोन ढीग)

सगळे सिमेंटच्या पोत्याकडं बघतात. आपण चाळणीकडं बघू. नेहमीच्या काँक्रीटला लहानमोठी खडी एकत्र लागते, फटी बुजाव्यात म्हणून. इथं फटीच हव्यात, म्हणून खडी एका मापाची. डावीकडं वीस एमएम, उजवीकडं दहा. दहाचे दाणे तेवढ्याच जागेत जास्त मावतात, टेकण्याच्या जागा वाढतात, भार वाटला जातो. म्हणून दहाच्या खडीचा चाचणीचा ठोकळा सहसा जास्त दाब सोसतो. वीसच्या फटी मोठ्या, पाणी झरझर उतरतं, पण सांधे कमी.

हा दाणा बघा, चपटा. असे दाणे आडवे पडतात, नीट दबत नाहीत, दाबाखाली मोडतात. नुसत्या जबड्याच्या, म्हणजे दोन पाट्यांत दाबून दगड फोडणाऱ्या क्रशरवर ते जास्त निघतात. हा दुसरा, जाळीदार मांजऱ्या दगडाचा. सच्छिद्र आणि ठिसूळ. मिश्रणात पाणी आधीच बेताचं, सिमेंटच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यातलंही हा पिऊन टाकतो आणि लेप कोरडा पडतो. दगड हवा तो घट्ट, काळा. आणि धुतलेला, कारण क्रशरची भुकटी अंगावर राहिली तर लेप धरत नाही. दुष्काळात खडी धुवायला पाणी कुठून आणायचं, हे विचारणारे चुकीचं विचारत नाहीत.

(दृश्य : दाबयंत्र, ठोकळा फुटतो)

तडा बघा कुठून गेला. खडी शाबूत, सांधे सुटलेत. या काँक्रीटची ताकद साधारण ३ ते २८ मेगापास्कल (दाबाचं एकक). वरचा आकडा गाठायचा तर फटी कमी कराव्या लागतात, म्हणजे पाझर घटतो.

(दृश्य : लादीवर ओतलेली बादली)

तेव्हा पार्किंग, पदपथ, शाळेचं अंगण इथं हे चालेल; उसाच्या ट्रॉल्या यावरून नकोत. फटीत माती बसते, ती काढत राहावी लागते. आणि आपली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी पटकन आत घेत नाही. म्हणून खाली खडीचा जाड थर आणि जादा पाण्याला वाट करून द्यायची.